सतरा नंबरची काच

हिरामण,

तुझं सुतक फिटलं, त्या गंधमुक्तीच्या दिवशी फोटोशेजारी ती काच ठेवली होती. पाटावर, तांब्याला टेकवून. येणारा माणूस फोटोला हार घालायचा, कुंकू लावायचा आणि बोटाला उरलेलं काचेला पुसायचा. गंजाच्या रंगावर कुंकू दिसत नाही. तरी लोक लावत होते.

बोदवडहून आलेल्या पाहुण्यांना तुझे थोरले भाऊ समजावून सांगत होते, "ह्याच काचीतून आमच्या हिरामननं पान्यातला ग्यास काढला व्हता. नुसत्या उन्हावर. पुन्याचे लोकं आले व्हते पाह्याले." पाहुणे माना हलवत होते. मी भिंतीला टेकून बसलो होतो. पुण्याचे लोक आले होते हे खरं आहे. त्यांना काहीच का दिसलं नाही, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं.

कॉलेजच्या शोकसभेत मी सात मिनिटं बोललो. तुझी चिकाटी, तुझा साधेपणा, संशोधनाचा ध्यास. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून कुणी वाजवल्या नाहीत, एवढंच. नंतर प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला आणि वार्षिकांकासाठी चार पानं मागितली. "तुमच्याइतकं जवळचं कोण होतं त्यांना?" ती चार पानं ही. छापतील की नाही, ठाऊक नाही.

पण मी लिहायला बसलो तो मनीषामुळे. पंगती उठल्यावर तुझी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी पुण्याला एम.एस्सी.ला जात नाही. इथंच राहते. बाबांचं काम पुढं नेते."

"कुठलं काम?"

"सतरा नंबरचं. एकदा झालंय म्हणजे परत होणारच, असं बाबा म्हणायचे. त्या दिवशीचं सगळं वहीत आहे, फक्त जोड कसा केला होता ते नाही. जोड तुम्ही केला होता ना? आठवून लिहून द्या. पुण्याच्या फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. भरणार नाही म्हणून आईला सांगून टाकलंय मी."

तेच तुझे डोळे, तेच तुझं घाईघाईचं बोलणं. मी म्हटलं, "बघतो." बारा वर्षं मी 'बघतो' म्हणत आलो आहे.

म्हणून आधी तुला सांगतो. मग तिला सांगायचं बळ येतं का ते पाहू.

आपण एकाच महिन्यात जळगावला लेक्चरर म्हणून लागलो. तू बोदवडकडचा, कापूसवाल्या घरातला. मी दोंडाईच्याच्या पलीकडचा. स्टाफरूममध्ये तू माझ्या अहिराणीची नक्कल करायचास, 'आहे'च्या जागी सगळीकडं 'शे' घालून, "काय शे, कसं शे, बठ्ठं बरं शे!" मी म्हणायचो, तुम्ही पूर्वेकडचे 'मले-तुले' करायला लागलात की भांडता की बोलता तेच कळत नाही. माझं नाव युवराज, त्यावरून तुझा ठरलेला टोमणा होता, "युवराज, राज्य कुठी हाये?" मी गच्चीकडं बोट दाखवायचो. तिथं आपलं राज्य होतं. डांबर ओतलेली, मे महिन्यात चपलेचा तळवा चिकटणारी कॉलेजची गच्ची.

तुझी कल्पना सोपी होती. पाण्यात हायड्रोजन आहे. तो सुटा केला की जळण मिळतं, आणि जळून त्याचं परत पाणीच होतं. सुटा करायला वीज लागते. ती वीज बाहेरून न देता एखाद्या पदार्थानं उन्हातूनच तयार केली तर? मोठमोठ्या प्रयोगशाळांत महागडे पदार्थ घेऊन लोक हेच करत होते. तू गंज घेतलास. साधा लोखंडाचा गंज. "गंज फुकट अन् ऊन फुकट," तू म्हणायचास. "आपल्या खानदेशात दुसरं हाये काय?"

काच तापवायची आणि तिच्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी फवारायचं. फवाऱ्याला तू घरून कपाशीवर औषध मारायच्या पंपाचं नोझल आणलं होतंस. काचेवर तांबूस थर बसला की तिला तार जोडायची. तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनमचा तुकडा. काच आणि प्लॅटिनम दोन्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडून उन्हात ठेवायचं आणि प्लॅटिनमवर बुडबुडे येतात का ते बघत बसायचं. आले तर वर नळी उपडी धरून वायू साठवायचा आणि काडी लावायची. हायड्रोजन असला तर फट् वाजतो. ती प्लॅटिनमची दीड इंच तार तुला पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून मागून मिळाली होती. काडेपेटीत, कापसावर ठेवून तू ती शर्टाच्या खिशात वागवायचास. देवघरातल्या टाकासारखी.

सोळा काचा झाल्या. बॅटरीचा आधार दिला की चार बुडबुडे यायचे, बॅटरी काढली की बंद. पुस्तकंही तेच सांगत होती, गंज एकट्यानं हे काम करत नाही. पोरं विचारायची, "सर, माझ्या सायकलला लई गंज लागलाय. हायड्रोजनवर चालंल का?" तू म्हणायचास, "चालंल रे भो, पन मागं तू बसू नको." हशा पिकायचा आणि तू पुढच्या काचेला लागायचास.

जोड करणं माझं काम. प्लॅटिनमला तांब्याची तार जोडायची आणि जोडावर दोन नळ्यांतला चिकटवायचा मसाला कालवून पक्का थापायचा, म्हणजे सोड्याचं पाणी आत शिरत नाही. सतराव्या काचेच्या वेळी त्या दोन्ही नळ्या माझ्या घरी होत्या. आमच्या कूलरची टाकी गळत होती, म्हणून मी त्या लॅबमधून नेल्या होत्या. तांब्याची तारही संपली होती. वायरमननं टाकून दिलेल्या वायरीतून मी ॲल्युमिनियमची तार काढली. परीक्षेचे दिवस होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करायला परीक्षा विभागात लाखेच्या कांड्या असत. तिथल्या शिपायाकडून, नानांकडून, मी एक कांडी मागून आणली आणि जोडावर लाख वितळवून लावली.

मी रसायनशास्त्राचा माणूस. लाख सोड्यात विरघळते हे मला माहीत नव्हतं असं नाही. ॲल्युमिनियम सोड्यात पडलं की हायड्रोजन सुटतो, हे तर दरवर्षी मी अकरावीला फळ्यावर लिहून देत होतो. पण वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोळांचं झालं तेच सतरावीचं होणार. म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, हिरामण. काहीतरी घडेल असं ज्याला खरंच वाटतं, तो जोड नीट करतो.

दुपारी एकच्या सुमाराला तू वरून ओरडलास. मी दोन-दोन पायऱ्या चढत आलो. बॅटरी बाजूला पडली होती आणि प्लॅटिनमवर बारीक बुडबुड्यांची माळ लागली होती. पाण्याला किंचित लाल झाक आली होती. तू म्हणालास, "गंज सुटून ऱ्हायला थोडा, सुटू दे." नळी भरली. ती तू धरलीस आणि काडी माझ्याकडं दिलीस.

फट्.

तुला चपला घालायचं भान नव्हतं. त्या तापल्या डांबरावर तू अनवाणी नाचलास आणि मग तळवे धरून खाली बसलास. हसत होतास की रडत होतास, सांगता येत नव्हतं. त्या घटकेला मलाही काही ठाऊक नव्हतं. मीही नाचलो. तो एक आनंद माझ्या खात्यात खरा आहे, तेवढा राहू दे.

दुसऱ्या दिवशी तुला पेपर तपासायला नाशिकला जायचं होतं. गाडीला उशीर होत असताना तू दारातून मागं फिरलास. "युवराज, भर दुपारी बारा-एकला त्याच्यावर काळं कापड टाकून पाह्यजो. अंधारात बुडबुडे थांबले पाह्यजे. नाईतर उन्हाचा काय संबंध?"

दुपारी मी घरी कूलरपुढं झोपलो. पाचनंतर गच्चीवर गेलो. उन्हं कलली होती, पाणी निवलं होतं, बुडबुडे थांबले होते. कापड टाकायची गरज वाटली नाही. ऊन गेलं, वायू बंद. झालंच की.

तिसऱ्या दिवशी तू बस स्टँडवरून थेट कॉलेजात आलास. "झाकून पाह्यलं का?"

"देखं ना भो," मी म्हणालो. "बंद पडस."

तू वही उघडून लिहिलंस: 'भर दुपारी झाकून पाहिले. बंद. (यु.)' मी तुझ्या खांद्यावरून पाहत होतो. ते 'यु.' लिहून होईपर्यंत मला बोलता आलं असतं. तुझी अक्षरं तशी सावकाश उमटायची.

तू स्वतः परत झाकून पाहिलं नाहीस. मित्राचं माप परत मोजायचं नाही, ही तुझ्या घरची रीत. शेजाऱ्याच्या काट्यावर जोखलेला कापूस घरी आणून पुन्हा जोखणं म्हणजे त्याला शिवी दिल्यासारखं, असं तुझे आबा म्हणायचे. ते तू मला कौतुकानं सांगितलं होतंस. शेतात ठीक आहे रे. पण तू प्रयोगशाळेतही तसाच राहिलास. आज मी हे चिडून लिहितो आहे. एवढा हुशार माणूस, दर तारखेचं तापमान लिहून ठेवणारा, आणि माझ्यासारख्याच्या एका शब्दावर विसंबलास. कोण होतो मी? कूलरला मसाला नेणारा माणूस.

त्याच आठवड्यात तू एका नियतकालिकाकडं दोन पानांचं टिपण रजिस्टरनं पाठवलंस. खाली दोन नावं घातलीस. माझं नाव घालू नको असं मी म्हणालो नाही. मग पुण्याला ट्रंककॉल लावलास. बातमी ऐकून दहाव्या दिवशी तिथले दोघं शास्त्रज्ञ स्वतः आले. तोवर सतरा नंबर तू कापसात गुंडाळून ठेवली होतीस.

त्या सकाळी तू मला म्हणालास, "जोड नवा कर. मजबूत. पाहुन्यासमोर काही सुटायला नको." मी खालच्या लॅबमध्ये जुना जोड सोडवला. लाख चिंचेच्या कोळासारखी झाली होती. आतली ॲल्युमिनियमची तार पार खाल्ली गेली होती, दोऱ्याएवढी उरली होती. मिनिटभरात सगळं कळलं. उन्हानं लाख मऊ झाली, सोडा आत गेला, तार विरघळली, आणि तिचा हायड्रोजन प्लॅटिनमवर येऊन सुटला. संध्याकाळी पाणी निवलं, लाख पुन्हा आवळली आणि बुडबुडे थांबले. काच नुसती उभी होती. बुडबुडे माझ्या तारेचे होते.

वर गच्चीवर तू पाहुण्यांना ताक देत होतास. मला जिना चढून एवढंच म्हणायचं होतं, हिरामण, खाली ये जरा. मी ती उरलेली तार खिशात घातली. मसाल्याच्या नव्या नळ्या कपाटात होत्या, तांब्याची तारही आली होती. आयुष्यातला सगळ्यात सुबक जोड मी त्या दिवशी केला. देवाला म्हटलं, काचेतही थोडं काही असू दे.

चार तास ते दोघं तुझ्याबरोबर उन्हात उभे राहिले. एक बुडबुडा आला नाही. एकजण हसून म्हणाला, "जळगावचं ऊन मात्र अस्सल आहे." दुसरा सज्जन होता. तो म्हणाला, "गंजाकडून फार अपेक्षा ठेवू नका." त्यांना जीपपर्यंत सोडून येताना जिन्यात तू थांबलास. चेहऱ्यावर घामाचं मीठ जमलं होतं. तू विचारलंस, "जोड तसाच केला ना?"

"त्याहून चांगला केला," मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेलं ते त्या महिन्यातलं एकमेव खरं वाक्य. त्याच वाक्यानं मी तुला बुडवलं.

तू प्रामाणिक माणूस. टिपण परत मागवतो म्हणालास. मी म्हटलं, "कशाला? डोळ्यांनी पाहिलंय आपण. काडी माझ्या हातानं पेटली आहे. आज नाही तर उद्या होईल." ते टिपण छापून आलं. धुळ्याच्या कॉलेजात विभागप्रमुखाच्या मुलाखतीला मी ते पुढं ठेवलं. मला जागा मिळाली. तू स्टँडवर सोडायला आलास, माझी वळकटी स्वतः बसच्या टपावर चढवलीस आणि म्हणालास, "मिळालं ना युवराजले राज्य!"

त्यानंतर तू दोनशे बारापर्यंत काचा केल्यास. कधी म्हणायचास फवाऱ्याचं अंतर चुकतंय, कधी म्हणायचास शेगडीची आच. सतरा नंबरच्या वेळी बोदवडच्या विहिरीचं पाणी वापरलं होतं हे आठवून तू एस.टी.नं पाण्याचे कॅन आणायचास. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, जळगावचे नळ बंद झाले का?" लॅबची खोली कॉम्प्युटरसाठी घेतली तेव्हा सामान हातगाडीवर घालून तू घरच्या गच्चीवर नेलंस. स्टाफरूममध्ये तुझं नाव 'गंजवाला' पडलं. धुळ्यापर्यंत आलं ते. कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी रागावायचो. किती सोपं होतं ते रागावणं.

दरवेळी तुझ्याकडं येताना बसमध्ये मी ठरवायचो. पारोळ्याला बस थांबली की पक्कं ठरायचं: या खेपेला हिरामणला सांगून टाकायचं. एरंडोल येईपर्यंत वाक्यं जुळवून व्हायची. जळगावच्या स्टँडवर तू सायकल धरून उभा असायचास, "काय रे अहिराणी, बठ्ठं बरं शे ना?" आणि मी म्हणायचो, शे.

माझे वडील जळगावच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. अकरा दिवस तू डबा आणलास, रात्री त्यांच्या उशाशी बसलास. त्यांना अहिराणीत गोष्टी सांगायचास, चुकीच्या अहिराणीत, आणि ते दुखणं विसरून तुला दुरुस्त करायचे. वडील गेले त्या पहाटे तू माझा हात धरून बसलास. तोच हात. काडी पेटवलेला.

या एप्रिलमध्ये तू धुळ्याला आलास, पिशवीत दोनशे अकरावी काच घेऊन. वाळला होतास. मी म्हटलं, "सोड आता हे. झालं ते झालं."

"तू म्हनतं हे? तू? तुह्या हातानं पेटली व्हती काडी."

"चूक झाली असेल काही."

"कोनती चूक? दाखव. बारा वर्सं तीच तर शोधून ऱ्हायलो मी."

मी म्हटलं, "आधी जेवून घे." घरात स्वयंपाक झाला होता, पानं मांडली होती. तू उभ्या उभ्या पाणी प्यालास आणि निघालास. मी स्टँडपर्यंत आलो नाही. महिन्यानं वहिनींचा फोन आला. भर दुपारी तू गच्चीवर गेला होतास. त्या वर गेल्या तेव्हा टाकीला टेकून सावलीत बसल्यासारखा होतास. डॉक्टर उष्माघात म्हणाले. दोनशे बारावी काच पाण्यात होती आणि प्लॅटिनमवर एकही बुडबुडा नव्हता.

हे सगळं मी बुधवारी लिहिलं. आज रविवार आहे.

शुक्रवारी पहिल्या बसनं जळगावला गेलो. सोबत ॲल्युमिनियमची तार आणि आमच्या परीक्षा विभागातली लाखेची कांडी. मनीषाला म्हटलं, "प्लॅटिनम काढ आणि सोड्याचं पाणी कर." तिनं तुझ्या कपाटातून काडेपेटी आणली, सतरा नंबर आणायला वळली. मी म्हटलं, "काच नको."

"काच नको?"

"नको. तू फक्त बघ."

गच्चीवर बसून, तिच्या डोळ्यांसमोर, मी तस्साच जोड केला. तार वाकवली, लाख वितळवली, थापली. साडेबाराला पाण्यात सोडला. काच नाही, गंज नाही, काही नाही. ऊन चढलं. पाण्याला लाल झाक आली. आणि प्लॅटिनमवर बुडबुड्यांची माळ लागली.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग डोक्यावरची ओढणी काढली, चार घड्या केल्या आणि भांड्यावर टाकली. तुझी मुलगी, हिरामण. मला कापड टाकायला सांगावं लागलं होतं, तिला सांगावं लागलं नाही. पाच मिनिटांनी तिनं ओढणीचा कोपरा उचलून आत पाहिलं. बुडबुडे चालूच होते.

"हे झाकून पाहिलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "वहीत आहे."

"नव्हतं पाहिलं."

तिनं वर बघितलं नाही. नळी भरत आली होती. तिनं काडी ओढली.

फट्.

खालून भांडं पडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. वहिनी वर आल्या, हात पिठाचे, श्वास लागलेला. "वाजलं? त्याहीचं वाजलं ना? मी ऐकलं! वाजलं ना वं मनीषा?"

बारा वर्षांत तो आवाज पुन्हा झाला नव्हता. मनीषा म्हणाली, "काका, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. कूलर, लाख, कापड, जिना, सगळं. वहिनी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे ते उन्हात बसत व्हते ते…" आणि वाक्य तसंच टाकून खाली गेल्या.

मनीषानं वही आणली. ते पान काढून माझ्यापुढं ठेवलं. वहीत खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा तुझा नियम. तिनं तो मला म्हणून दाखवला. 'झाकून पाहिले. बंद. (यु.)' यावर मी एक रेघ मारली. खाली लिहिलं, 'झाकून पाहिले नव्हते. वायू तारेचा होता.' पूर्ण नाव लिहून सही केली.

"बाबांनी दोनशे बारा काचा केल्या," ती म्हणाली. "एक खोटी निघाली. बाकीच्या दोनशे अकरांचं काय? गंजाला काय काय केलं तरी तो एकटा हे करत नाही, हे त्यांनी दोनशे अकरा वेळा खरं लिहून ठेवलंय. तापमानासकट. कुणीतरी ते नीट मांडायला पाहिजे."

"तू मांडशील?"

"पुण्याला जाऊन मांडीन. फॉर्म उद्या भरते." मग म्हणाली, "तुम्ही मला शिकवू नका काका. पत्रही नको."

मी हो म्हणालो.

निघताना वहिनी दारात उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या घरातून पहिल्यांदाच मी चहा न घेता निघालो. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच होती. कुंकू पुसलेलं होतं. काच ओली होती, कागदातून ओल कळत होती. "हे तुमचं घेऊन जा भाऊ," त्या म्हणाल्या. इतकंच.

बसमध्ये काच मांडीवर घेऊन बसलो. एरंडोल गेलं. पारोळ्याला बस थांबली, पोरं खाली शेंगा विकत होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मनात आलं, या खेपेला हिरामणला सांगून टाकायचं.

बस धुळ्याकडं चालली होती.